पेन्सिलीने लावलेला तक्ता

देओलिंडा,
महिन्याचा तक्ता मीच लावते, तुला ठाऊक आहे.
'स' म्हणजे सकाळ, 'रा' म्हणजे रात्र,
आणि ज्या चौकटीला माणूस मिळत नसे
तिथे माझी पेन्सिल आपसूक तुझ्या नावाकडे वळे.
बावीस वर्षांत तू एकदाही नाही म्हणाली नाहीस.
याला मी तुझा स्वभाव म्हणत आले.

आधी काही दिसलं नाही.
तुझा डबा तसाच घरी जायचा,
सार्डिन, उकडलेला बटाटा, झाकणावर वाफ सुकलेली.
तू नळ सोडून उभी राहायचीस.
आम्हाला वाटायचं, हात धुतेय.
हसायचीससुद्धा,
पण इस्त्रीच्या घडीसारखं, रोज त्याच जागी.

मग नोव्हेंबरातली ती पहाट.
सतरा नंबरचे गृहस्थ गेले, चारच्या सुमाराला.
तू सगळं नीट केलंस:
डोळे, हनुवटी, चादर, वेळेची नोंद.
आणि नावाच्या रकान्यात लिहिलंस, सतरा.

त्यांची मुलगी शेजारीच होती. तिने वाचलं.
ओरडली नाही.
तुझ्या हातातलं पेन मागून घेतलं
आणि बापाचं पूर्ण नाव लिहिलं,
आनाक्लेतू दा लुझ व्हिएगश,
सावकाश, पहिलीतलं पोर पाटीवर लिहितं तसं.

ते पेन तू परत घेतलं नाहीस.

फारोच्या त्या बसथांब्यावर
तुझ्यासमोरून तीन बस गेल्या.
चौथीचा ड्रायव्हर उतरून आत आला, म्हणाला,
तुमचं कुणीतरी बाहेर बसलंय,
थंडीत, पायांत वॉर्डातल्याच चपला.

डॉक्टरांनी कागदावर एक लांबलचक शब्द लिहिला.
तुझी आई म्हणाली, पोर थकलीय,
त्याला शब्द कशाला हवा?
व्यवस्थापनाने श्वासाच्या शिबिराचं पत्रक धाडलं,
शिबिर शनिवारी,
म्हणजे तुझ्या सुट्टीच्या दिवशी.
त्यात आईने मांजरासाठी माशांची डोकी गुंडाळली.

मी बिहीच्या वड्या घेऊन आले होते, ओल्यांवला,
तू भिंतीकडे तोंड करून पडलेली.
फ्रिज वाजला की उठते मी, म्हणालीस,
वाटतं, कुणाचं तरी सलाइन संपलं.
एवढंच बोललीस त्या दिवशी.
वड्या मीच खाल्ल्या, लाजेने.

जानेवारीत मिठागरावर नेलंस मला.
वाफे पाण्याखाली बुडालेले,
दूर दोन रोहित पक्षी, एका पायावर.
मी म्हटलं, बघ, मिठालाही हिवाळ्यात विसावा.
तू म्हणालीस, पुरे.
मला मिठागर करू नकोस.
पाणी ठेवतात ते तळाची माती फुटू नये म्हणून,
विसावा कसला.
मग पुष्कळ चालून गेल्यावर,
मागे न बघता:
तळ फुटू नये, एवढं मात्र खरं.

त्या वाक्यासाठी मी दोन जागा मागितल्या वरच्या मजल्यावर.
भांडून एक मिळाली.

तू परत आलीस एप्रिलात, अर्ध्या दिवसाची, रात्र नाही.
सतरावर नवीन बाई होत्या, बहिऱ्या.
तू वाकून नाव विचारलंस, दोनदा, तिनदा,
नीट ऐकेपर्यंत हललीच नाहीस.
बाकीच्या खाटा थांबल्या थोड्या.
कुणी मेलं नाही.

आणि परवा रविवारी
मी सवयीने फोन केला.
तू म्हणालीस, नाही.
आज आईचे केस रंगवतेय.
मागे पाण्याचा आवाज, आई काहीतरी ओरडत होती,
आणि तू हसलीस,
घडी मोडलेलं, वेडंवाकडं.

फोन ठेवून मी बसून राहिले.
पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येतं,
म्हणूनच मी इतकी वर्षं काहीही लिहीत आले का, कोण जाणे.
यावेळी चौकट कोरी ठेवली,
लाल शाईने गोल केला भोवती
आणि तक्ता तसाच वर पाठवला.
हात थरथरला, खोटं कशाला सांगू.
वरून अजून उत्तर नाही.