दुसरा आकडा

नार्वा गावात, नदीच्या अल्याड,
पाचव्या मजल्यावर आई राहते.
खिडकीतून पल्याडचा किल्ला दिसतो,
तो दुसऱ्या देशाचा.
एकतीस वर्षं ती कापडगिरणीत होती.
मागांच्या खडखडाटात
कान तिथेच ठेवून आली.

तिथल्या बायका ओठांवर बोलत.
एकीनं चार रांगांपलीकडून विचारायचं,
पोराचा ताप उतरला का?
दुसरीनं ओठांनीच सांगायचं,
उतरला, पण आता सासूला चढलाय.
हसणंसुद्धा बिनआवाजाचं.

मंगळवारी तिला फोन आला.
माणूस आमच्याच भाषेत बोलत होता, रशियनमध्ये,
मऊ, इस्त्री केलेल्या.
कापितोलिना सावेल्येव्ना, तुमच्या नावावर कुणी कर्ज काढतंय,
मी बँकेच्या सुरक्षा विभागातून.
आई म्हणाली, मोठ्यानं बोल.
तो मोठ्यानं बोलला.
आई म्हणाली, ऐकू येतंय रे, दिसत नाहीयेस.
घरी ये, चहा टाकते, समोर बसून सांग.
तो म्हणाला, पाच मिनिटांत सगळे पैसे जातील!
पाच मिनिटांत तर माझं पाणीही उकळत नाही,
आई म्हणाली,
आणि फोन ठेवून
बटाटे सोलायला बसली.

हे सगळं ती मला रविवारी सांगत होती,
त्याच्या मऊ आवाजाची नक्कल करत.
मी हसले नाही.

कारण गुरुवारी, ताल्लिनमध्ये,
ऑफिसच्या जिन्यात उभं राहून
मी पहिला आकडा दाबला होता,
मग दुसरा.
आमच्याकडे पहिला आकडा म्हणजे : ही मीच.
दुसरा म्हणजे : मला मान्य आहे.
त्या दोन आकड्यांवर इथे घरं विकली जातात,
लग्नं मोडतात, मतंही पडतात.

आणि मी कोण?
आईचं आकड्यांचं पाकीट मैद्याच्या डब्यात लपवणारी,
तिच्या फ्रिजवर जाड अक्षरांत
कुणालाही सांगायचं नाही
असा कागद चिकटवणारी.

त्याला माझ्या पार्सलचा नंबर ठाऊक होता.
फ्लॅटचाही.
पण मी फसले ती तिथे नाही.
त्यानं मला इनेसा मात्वेयेव्ना म्हटलं.
वडिलांचं नाव लावून.
ताल्लिनमध्ये तशी हाक कुणी मारत नाही,
आणि बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
क्षणभर वाटलं, कुणीतरी आपल्याला
पूर्ण नावानं ओळखतंय.

आठ हजार सहाशे युरो.
पोलिसातला पोरगा, कोइत, चांगला होता,
टाइप करता करता म्हणाला,
आज तुम्ही चौथ्या.
त्यानं बरं वाटायला हवं होतं.

आईला सांगायचं होतं, आवाज फुटेना.
ती चुलीशी, मी दाराशी.
मग ओठांनीच सांगितलं,
लहानपणी शाळेत नापास झाले
तेव्हा सांगितलं होतं तसं.
तिनं सुरी खाली ठेवली.
किती? तिचे ओठ.
सांगितलं.
ती रागावली नाही, शहाणपणही शिकवलं नाही,
नुसतं विचारलं, कार्ड बंद केलंस?
आकडे बदललेस?
मग खा आधी.

जेवताना म्हटलं, आता कानाला खडा लावला.
ती म्हणाली, माझ्या कानांत तर अख्खी गिरणी आहे,
म्हणून वाचले.
तुझे कान चांगले, तुला काहीतरी वेगळं हवं.

मग आम्ही एक शब्द ठरवला.
यापुढे फोनवर कुणी रडत म्हणालं, आई, मी इनेसा,
अपघात झालाय, पैसे पाठव,
तर आधी तो शब्द.
माझा आवाज हुबेहूब असला तरी.
मी खरोखरच रडत असले तरी.

साधा शब्द आहे, गिरणीतलाच,
मागाच्या एका भागाचं...
नाही. एवढंही नको.