अकरा सेकंद

फिल्म एकोणीस मिनिटांची.
कॅमेरा आत तीन दिवस फिरला, मी नाही.
माझं काम बिश्केकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर:
हीटर, दोन पडदे,
आणि दुसऱ्यांच्या शिक्षेचे तुकडे
मागेपुढे सरकवत बसणं.

न भेटताच सवयी पाठ झाल्या होत्या त्यांच्या.
तुरात वाट्याचा पाव खात नाही,
चावून चावून लगदा करतो,
त्यात मीठ, चुलीची काजळी,
आणि बोटांत फिरवत फिरवत
बुद्धिबळाचा घोडा.
कुबानिच हरायला लागला की खोकतो.
हजेरीला तीनशे बारा नावं,
प्रत्येक ‘हजर’ वेगळ्या उंचीवरून पडलेला.

मार्चमध्ये पत्र आलं: आधी कैद्यांना दाखवा.
जेवणघरात चादर ताणली.
तिच्या कोपऱ्यात तुरुंगाचा शिक्का,
जो तिथं येईल त्याच्या कपाळावर बसायचा.

वाटलं होतं, गप्प होतील.
हसले.
तळहाताएवढ्या आरशात दाढी करणारी माणसं,
स्वतःची पाठ पहिल्यांदाच बघत होती.
“हा टकल्या कोण रे?” कुबानिचनं विचारलं,
आणि अख्ख्या जेवणघरानं उत्तर दिलं.

मग तो रस्ता आला.
शॉट म्हणावा असा नव्हताच तो.
येताना गाडीत कॅमेरा बंद करायचा राहिला, एवढंच.
धुरकट काच, पॉपलरची रांग, एक गाढव,
वळणावर टायरचं दुकान, परत पॉपलर.
अकरा सेकंद.
तीनदा कापला होता मी,
आणि त्याखालचा खोकला चांगला उमटला होता
म्हणून तीनदा परत चिकटवला.

“थांबा,” मागून कोणीतरी. “परत.”

परत.
बाकं ओढत माणसं पुढं सरकली.
कुणी म्हणालं, डांबर नवं टाकलंय.
कुणी म्हणालं, बर्फ लवकर गेला यंदा.
गाढव कुणाचं यावरून
दोन गावांत जवळजवळ मारामारी.
आठ वेळा दाखवला.
मेजर अब्दिकादिरनी घड्याळ पाहिलं,
आणि भिंतीकडे बघत म्हणाले,
अजून एकदा.

तुरात तेवढा उठला, चादरीपाशी गेला,
दुकानाच्या पाटीवर बोट टेकवलं.
पाटी त्याच्या नखावर चढली.
“ही निळी होती,” म्हणाला.
“इथं माझ्या भावाचं नाव होतं.”
मग जरा वेळानं, कुणालाच उद्देशून नाही:
“पत्रात लिहितो, धंदा बरा चाललाय.”

बटण माझ्या हातात होतं.
एवढी वर्षं कापण्याचाच पगार घेते,
आणि कुठं कापायचं ते सुचेना.

पुढं फिल्म परदेशी गेली.
लोकांनी पावाच्या घोड्याबद्दल विचारलं,
विकत मिळतो का, ओलाव्यानं बिघडतो का.
एक गृहस्थ म्हणाले, तो रस्ता जरा लांबलाय.
असेल, म्हटलं.

परतल्यावर मूळ चित्रीकरण काढून बसले.
मी जिथं कापलं होतं
त्याच्या पुढं एक सेकंद होता आणखी.
दुकानाच्या दारात, गुडघे टेकून,
कुणाच्या तरी ट्रकचं चाक काढणारा माणूस.
चेहरा दिसत नाही.
नुसती पाठ,
डावा खांदा किंचित खाली.

ती पाठ मी वर्षभर पाहत होते,
पावाच्या लगद्यावर वाकलेली.

तुरातला अजून काही कळवलेलं नाही.