ठिमी, वैशाख दोन

हेराकाजी प्रजापतीने आदल्या रात्रीच बजावलं होतं:
कॅमेऱ्याला पिशवी बांध, बाई,
आमचा शेंदूर पाहुणा ओळखत नाही.
मी हसले.
बारा वर्षांचा अनुभव होता माझ्याकडे,
आणि दोन लेन्स.

सकाळी बालकुमारीसमोर पहिली मूठ उडाली,
मग गल्लीच उडाली.
गच्च्यांवरून, खिडक्यांतून, पोरांच्या खिशांतून केशरी.
ढिमेच्या ठोक्यागणिक केशरी.
खटं डुलत येतात, छत्रं लटपटतात,
आत इवलासा देव,
त्याचं नाक तेवढं दिसतं.
बायकांच्या काळ्या पातळांचे लाल काठ
केव्हाच हरवलेत.
पोलिसाची मिशी केशरी,
पायरीवर झोपलेलं कुत्रं केशरी,
फोनवर बोलणाऱ्याचा हॅलोसुद्धा.
लाइटमीटर बावचळला,
त्याला वाटलं असावं, आग लागलीय.

आमच्याकडे शेंदूर म्हणजे
दगडाला फासायची गोष्ट:
थरावर थर, मग चांदीचे डोळे,
मग नवस.
इथे तो माणसांना फासतात
आणि संध्याकाळी नळाखाली धुऊन टाकतात.

दुपारी हेराकाजीच्या अंगणात
कच्ची मडकी उन्हाला बसली होती.
त्याने सदरा उतरवला, पाठ केली माझ्याकडे.
हा काढ, म्हणाला.
उजवा खांदा.
खटाच्या दांड्याने सोललेला,
मधोमध जुना घट्टा, भाजलेल्या मातीसारखा निबर.
दरवर्षी कोणीतरी तोंडाचा फोटो काढतं,
पाठवतो म्हणतं.
तोंड काय, आरशातही दिसतं.
हा मागून कसा दिसतो
ते बघायचंय एकदा.

एकच काढला. सावलीत.
पाठवते, म्हणाले.
(सगळेच म्हणतात.)

त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत
वर डावीकडे एक ठिपका आहे.
माछापुच्छ्रेच्या बर्फावर आहे,
फेवातल्या रिकाम्या होडीवर आहे,
हॉटेलवालीच्या तान्ह्या लेकाच्या कानाशी आहे,
तिला वाटलं तीट.
आत कुठे तरी कण बसलाय.
एवढ्या केशरीतला एक,
आणि फोटोत दिसतो करडा.
पोखऱ्याचा दुरुस्तीवाला म्हणाला,
पाच मिनिटांचं काम आहे.
मी म्हटलं, उद्या येते.

गेले नाही.
शेजारच्या स्टुडिओत खांदा तेवढा छापून घेतला,
आठ बाय दहा.
लिफाफ्यावर लिहिलं:
हेराकाजी प्रजापती, ठिमी,
बालकुमारीच्या मागे,
मडकी वाळतात तिथे.
पेन परत ठेवताना
बॅगेच्या शिवणीतून चिमूटभर सांडला,
नेमका घट्ट्यावर.
फुंकर मारायला तोंड पुढे नेलं
आणि तसंच मागे घेतलं.

टपालातल्या बाईने लिफाफा तराजूवर ठेवला.
आत काय, विचारलं.
फोटो, म्हणाले.
तिने बोटं चोळली, वास घेतला,
तिकिटं लावली,
आणि हात साडीला न पुसताच
पुढच्याला बोलावलं.