रुमालाखाली

डाव्या डोळ्यात आता मधोमध एक डाग आहे,
आठाण्याएवढा.
ज्याच्याकडे बघावं ते त्याच्याआड जातं,
कडेचं मात्र सगळं दिसतं.

भाचीची लेक त्रिशला दिवाळीत आली
आणि ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन बसवून गेली.
पान काळं होतं, अक्षरं पिवळी, हरभऱ्याएवढी.
जाहिराती गुमान बाहेर.
(आधी नुसतं पेव फुटलेलं असायचं.
पेव म्हटलं की मला आमचं हरिपूर आठवतं.
तोंड उघडलं की आधी हवा मोकळी होऊ द्यायची.
घाई करून उतरणारा वर येत नसे.)

महिनाभर बरं चाललं माझं.
निधनवार्ता, कोयनेचा विसर्ग, राजापुरीचा भाव,
सगळं हळदीच्या रंगात.

मग परवा ठेवीचं व्याज बघायला बँकेचं पान उघडलं
आणि ते पांढरंफेक उघडलं,
यार्डातल्या पत्र्यावर दुपारी पडतं तसलं ऊन
एकदम खोलीत.
वर कोपऱ्यातली खूण राखाडी झालेली.
भिंग धरून वाचलं:
सुरक्षेच्या कारणास्तव या संकेतस्थळावर
हे एक्स्टेन्शन चालणार नाही.

त्रिशलाला फोन लावला. चिडूनच.
म्हटलं, आंधळ्याची काठी
नेमकी जिन्यापाशी काढून घ्यायची, ही कुठली रीत?
ती हसली नाही.
म्हणाली, आप्पा, जो तुमच्यासाठी अक्षरांचा रंग बदलतो
तो अक्षरंही बदलू शकतो.
तुम्ही वाचता ते तो वाचतो,
तुम्ही टाइप करता तेही.
हा बिचारा चांगलाच असेल.
पण उद्या ह्याला कुणी विकत घेतलं तर?
म्हणून काही दारांशी ब्राउझर थांबवतो.
चांगल्यांनाही.

फोन ठेवला आणि स्वतःचे हात बघत बसलो.

चौतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
अडत दुकानावर दिवाणजी होतो मी.
सौद्याला आडत्याच्या डाव्या अंगाला उभा, वही घेऊन.
रुमाल पसरायचा, त्याखाली दोन हात जायचे.
कुठलं बोट म्हणजे किती,
हे यार्डातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
कुठलं बोट धरलं, ते फक्त त्या दोघांना.
तेवढा वेळ मी पत्र्यावरचे पारवे मोजायचो.
मोजायचेच असतात. पगार त्याचाही होता.

एका फाल्गुनात नाही मोजले.
रुमाल झाकतो तो पंजा, मनगट उघडंच राहतं.
करंगळीची शीर वेगळी हलते, तर्जनीची वेगळी.
आडत्याच्या मनगटावरनं मी भाव वाचला
आणि कानामागची पेन्सिल दोनदा सरकवली.
रावजीशेठनी सगळ्यांच्या शेवटी हात घातला,
बरोबर एक रुपया वर.
सावळजच्या माणसाची साठ पोती होती ती.
शेठ किती वर जाणार होते, ते मला ठाऊक होतं.
त्याला वाटलं, बरा भाव आला.
जाताना मला नमस्कार करून गेला.

रावजीशेठनी घड्याळ दिलं. मनगटी.
मुद्दाम दिलं असेल असं नाही,
त्यांना विनोद कळत नसे.
ते अजून चालतं. मी घालत नाही.

आज पुन्हा बँकेचं पान उघडलंय.
पडदा ओढून, भिंग घेऊन,
मान वाकडी करून कडेकडेनं एकेक आकडा.
अर्धा तास गेला. शेवटचं शून्य की आठ,
तिनदा बघितलं. शून्यच.
वर कोपऱ्यात ती राखाडी खूण
गप उभी आहे.

पारवे मोजत असावी.
किती झाले, मी विचारणार नाही.