बरण्यांचा तळ

मत्रहच्या बोळात, मुर्तझा लवातीकडून
दर गुरुवारी मी पन्नास ग्रॅम चूक विकत घेतो.

व्हर्जिनिया गोड, पण जीभ पोळते.
चेरीवाली लग्नातल्या उपऱ्या पाहुण्यासारखी,
नुसतं अत्तर.
लताकिया पेटवली तेव्हा खोलीतला नरसय्या उठून बसला :
काय जळतंय?
म्हटलं, सहा रियाल.

परवा दुकान आवरताना
मुर्तझानं सगळ्या बरण्यांचा तळ कागदावर झटकला.
भुगा आहे, ने असाच.

धक्क्यावर बसलो. ऑगस्ट, अंगाला चिकटणारी हवा.
पाइप एकदाही विझला नाही.
धूर टाळूशी टेकला,
न विचारता खुर्ची ओढून घ्यावी तसा.

आज नाव विचारलं.
नाव बरणीला असतं, म्हणाला.

पुडीत दोन पाइपांपुरती उरलीय.
उघडतो, हुंगतो,
पुन्हा घडी घालतो.