बाही

विचारलीस म्हणून सांगतो, सुगंधा.
डेपोच्या खोलीत आता दोघीच आहोत,
जांबोटीची गाडी लागायला अर्धा तास आहे,
आणि तुझी नजर मघापासून माझ्या दंडावर आहे.

वजन उतरलं अडतीस किलो.
साखरेच्या भीतीनं उतरवलो, कौतुकासाठी नव्हे.
पोट ऐकलं, गाल ऐकले,
दंडाची कातडी तेवढी ऐकली नाही.
वरचा दांडा धरून उभा राहिलो की
रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची,
पिरनवाडीच्या खड्ड्यात गाडी आदळली की
माझ्या आधी ती हलायची.

एकदा आईच्या मांडीवरल्या पोरीनं
बोट लावून बघितलं तिला,
परातीतल्या कणकेला लावावं तसं.
आई दटावली नाही. ती पण बघत बसली.
मी शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलो
आणि भर चैत्रात पूर्ण बाहीचं झंपर शिवायला टाकलो.

व्यायामानं जात नाही ती, हे पहिलं ऐक.
वर्षभर पाण्याच्या बाटल्या उचललो,
आतलं मांस घट्ट झालं, वरचं कापड ढिलंच.
हिरेमठ डॉक्टरीणबाई म्हटल्या,
वजन एका जागी राहू दे, मग या.
साखर तपासल्या, गोळ्या कुठल्या खाता विचारल्या,
मिसरी सोडा म्हटल्या,
तंबाखू असली की जखम भरत नाही लवकर.
मिसरी सोडणं ऑपरेशनपेक्षा जड गेलं,
खोटं कशाला बोलू.

मग उभं करून जांभळ्या पेनानं आखल्या,
काखेपासून कोपरापर्यंत, आतल्या अंगानं,
वडगावची माझी नणंद कापड बेततीय तसं.
म्हटल्या, ही रेघ राहणार. फिकी होईल, जाणार नाही.
मी हसलो. बाई, आम्ही इथलीच माणसं,
एकदा आखलेली रेघ जात नाही
हे आम्हाला शिकवायला नको.
त्या हसल्या नाहीत. पुन्हा सांगितल्या.
तेव्हा नीट ऐकलो.

संमतीचा कागद कन्नडात.
सिस्टर शिवलीला बोट ठेवून वाचत गेली:
रक्त साकळेल, पाणी साचेल, टाके उसवतील,
दोन दंड अगदी सारखे होतीलच असं नाही.
दिवसभर मी कन्नडात ओरडतो, मुंद होगरी, मुंद होगरी,
शब्द सगळे कळले.
भीती तेवढी मराठीत वाटली.

नंतरचं काय सांगू.
दोन्ही हात उशांवर, दोन्हीकडं नळ्या,
चोवीस तास घट्ट पट्ट्याची बाही,
नाक खाजलं तरी दुसऱ्याला हाक.
प्रज्वल केस विंचरला पंधरा दिवस.
आयटीआयचं पोर ते,
बोल्ट आवळावा तशी वेणी आवळायचं,
आणि भांग दर वेळी डावीकडं घसरलेला.
विम्याचा कागद परत आला, हौसेचं काम म्हणून.
सोसायटीचं कर्ज अजून फिटतंय.

सहा आठवड्यांनी म्हटल्या, आता हात वर करा.
हात वर होत होता. मीच करत नव्हतो.
ड्युटीवर आलो तरी कोपर अंगाला चिकटवून
तिकिटं फाडलो कितीतरी दिवस,
नसलेली कातडी लपवत.
हे त्या कागदावर कुठं नव्हतं.

करू का नको, ते मला विचारू नकोस.
बाही सारतो, बघ.
हात लाव, दुखत नाही.
काखेकडनं ये, हळू, रेघेवरनंच.
इथं कळतंय तुझं बोट.
इथं कळतंय.
इथं नाही.