रुमालाखालचा सौदा

लक्ष्मीपुरीत, औषधांच्या दुकानावर
जिना चढून दहा बाय दहाची खोली.
खिडकी उघडी ठेवायचा नियम,
त्यामुळं रिक्षांचे हॉर्न माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगात
फुकट येऊन बसतात.

समोर भूपाल मगदूम, वय एकसष्ट.
चाळीस वर्षं गुळाचे सौदे पुकारले.
यार्डाच्या या टोकाला उभं राहून
त्या टोकाच्या हमालाची डुलकी मोडणारा गळा.
आता निळ्या मास्कमागून येतं ते
ओल्या पोत्यात बांधलेलं काहीतरी.

"आ म्हणा. दम असेल तोवर."
कापड भात्यासारखं आत-बाहेर.
अकरा सेकंद.
मग स. मग झ.
स अर्ध्या वाटेतच बसकण मारतो,
श म्हटला की स, मला सांगता येत नाही.
बारीक, वरची सळसळ कापड ठेवून घेतं,
आणि गळ्यातून हवा गळते आहे का,
हे मला नेमकं त्या सळसळीतूनच कळायचं.
म्हणजे बिघडलेला आवाज
मला आहे त्याहून बरा ऐकू येतोय.

घोगरेपणा : दोन.
श्वासाची गळती : एक?
तक्त्यात प्रश्नचिन्हाला रकाना नाही.

"मास्क काढून एकदा बघू या. मी दाराबाहेर थांबते."
"नको मॅडम. घरात सून बाळंतीण हाय."
मग जरा थांबून,
"आमचा आज्जा सांगायचा,
रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा.
बघणाऱ्याला कळायचं न्हाई किती.
तुमी माझ्या गळ्याचा सौदा तसाच चालवलाय की."

मी हसले. त्यांना दिसलं नाही.
शेऱ्यात लिहिलं :
मास्कसह ऐकलं. भरवसा कमी. पुन्हा ऐकावं.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून ते वळले.
"मॅडम, तुमचाबी आवाज बसलाय बगा.
मास्कातनं कळतंय."

चाळीस वर्षं गर्दीतून बोली टिपलेले कान.
मी सकाळपासून चौदा जणांशी
कापडातून ओरडून बोलले होते,
आणि एकदाही स्वतःकडं कान दिला नव्हता.

दार लोटलं. मास्क हनुवटीखाली ओढला.
आ.
खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.
नऊ सेकंद.
पाणी प्यायले, खुर्चीत ताठ बसले,
पुन्हा लावून पाहिलं.
नऊच.